खडू आणायला गेलेली मुलं

आमच्या शाळेत घंटा वाजवायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या बाईंचं पूर्ण नाव ऑफिसातल्या कपाटात एका फाइलीत होतं. ते बाहेर कधी आलंच नाही. मुलं त्यांना घंटामावशी म्हणायची, आम्ही शिक्षक नुसतं मावशी म्हणायचो, आणि हेडसर काहीच म्हणायचे नाहीत, टेबलावरची बेल दाबायचे.

मावशी ठेंगण्या होत्या, पण चालायच्या ढांगा टाकत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्या जिन्यात असतानाच आवाज यायचा आणि दंगा करणारे वर्ग चिडीचूप व्हायचे. ओरडायच्या मात्र कधीच नाहीत. दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या. सकाळी फाटक उघडायचं, बारा वर्ग झाडायचे, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं, तासातासाला घंटा द्यायची, आणि सूचना निघाली की ती वही घेऊन वर्गावर्गातून शिक्षकांच्या सह्या आणायच्या, हे त्यांचं काम. मी तिथे रुजू झाले तेव्हा त्यांना या कामावर एकोणीस वर्षं झाली होती.

त्या एकट्या राहायच्या. शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. मी एकदाच त्या काळात तिथे गेले होते, पगाराच्या कागदावर सही घ्यायला. एक पलंग, एक स्टोव्ह, भिंतीतल्या फडताळात चार भांडी. खिडकी होती, पण ती उघडली की हातभर अंतरावर समोरच्या इमारतीची भिंत. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा दुसऱ्या शहरात कामाला म्हणून गेला. आधी पत्रं आली, मग पत्रांतला मजकूर तुटक झाला, मग पत्रंही थांबली. मूलबाळ नव्हतं. एक भाऊ होता, तो वर्षातून दोनदा यायचा आणि बसल्या बसल्या घड्याळ बघायचा.

"मेल्याचं कळलं असतं तर निदान रडून मोकळी झाले असते," नवऱ्याबद्दल त्या एवढंच बोलल्या होत्या, तेही टाकीचं झाकण लावता लावता.

रविवारी त्यांना घर खायला उठायचं. त्या शाळेत यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिससमोर आठ कुंड्या होत्या, त्यांना पाणी घालायच्या, मग फाटकाजवळच्या स्टुलावर बसून रस्ता बघायच्या.

आमची शाळा सरकारी. ज्यांना दुसरीकडे कुठे पाठवणं परवडत नाही अशांची मुलं आमच्याकडे यायची. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता, अठ्ठेचाळीस मुलं. मी सव्वीस वर्षांची होते, नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि आपल्याला शिकवता येतं अशी माझी पक्की समजूत होती.

वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीपाशी एक मुलगी बसायची. अंगानं किरकोळ, वयापेक्षा लहान दिसणारी. मावशी तिला पुढे बारकी म्हणायला लागल्या, म्हणून मीही तेच म्हणते. बारकी गणितात चांगली होती. बाक तीन मुलींचा, पण तिच्या बाकावर ती एकटीच असायची. बाकीच्या मुली कधी सरकल्या, कधी उठल्या, मला कळलंच नाही. एक दिवस पुढच्या बाकावरच्या मुलीनं नाकाला हात लावून तक्रार केली, "बाई, हिच्या कपड्यांना वास येतो."

मी वही तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "उद्या स्वच्छ होऊन ये, नाहीतर येऊ नकोस."

मी ते रागानं म्हटलं नव्हतं. पेन्सिलीला टोक करून ये म्हणतात, तसं म्हटलं होतं. वर्ग हसला आणि मी पुढची वही घेतली.

दुसऱ्या दिवशी बारकी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस ओळीनं गैरहजर असलं की घरी चिठ्ठी जायची, असा नियम होता. पाचव्या दिवशी मी छापील चिठ्ठीवर तारीख घातली आणि मावशींकडे दिली. खरं सांगायचं तर तोवर मी काय बोलले ते मी विसरूनही गेले होते.

मावशी दुपारी गेल्या आणि शाळा सुटायच्या वेळी परत आल्या. शेवटची घंटा त्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी दिली. मी पर्स खांद्याला लावून निघाले होते, तेवढ्यात त्या वर्गात आल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या. त्यांना वर्गात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"भेटली का?" मी विचारलं.

"भेटली. चादर गुंडाळून बसली होती."

"ताप आहे?"

"नाही. कपडे वाळायचेत."

मग त्यांनी सांगितलं. गाड्या दुरुस्त करायच्या शेडच्या वर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत ती आणि तिची आई राहत होत्या. जिन्याला कठडा नव्हता. नळ होता, पण महिनाभर त्याला पाणी नव्हतं. आई पहाटे पाचला ऑफिसं झाडायला जायची, तिथून एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायला, आणि दिवेलागणीला परत यायची. चौकातल्या नळावरून दोन बादल्या पाणी बारकी आणायची. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. गणवेश एकच.

"तुम्ही म्हणालात त्या दिवशी तिनं घरी जाऊन तो धुतला," मावशी म्हणाल्या. "रात्रभर वाळला नाही. दुसऱ्या दिवशी वाळला, पण कोंदट वास मारायला लागला. खोलीत ऊन येत नाही, बाहेर आभाळ भरलेलं. तिनं हुंगून बघितला आणि परत धुतला. असा तीनदा धुतला, बाई. दर वेळी तोच वास. मग बसून राहिली."

मावशींच्या आवाजात बोल लावल्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी निदान माझी बाजू तरी मांडली असती.

"मी उद्या लवकर फाटक उघडते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी बारकी वर्गात होती. तिच्या अंगावर धुतलेला, कडक इस्त्रीचा गणवेश होता, थोडा मोठा. बाही दोनदा दुमडलेली. केस विंचरलेले. मी हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळले. ती "हजर" म्हणाली आणि खाली बघत बसली. मी तिची माफी मागायला हवी होती. त्या दिवशी मागितली नाही, आणि मग ते राहूनच गेलं.

जिन्याखाली एक खोली होती. तिथे फुटके फळे, तुटलेली बाकं आणि खडूची खोकी ठेवलेली असायची. कोपऱ्यात एक नळ आणि मोरी होती, कोणे एके काळी तिथे प्रयोगशाळा होणार होती म्हणे. मावशींनी ती खोली रिकामी करून घासून काढली. शाळा सोडून गेलेल्या मुलांचे विसरलेले गणवेश कपाटात पडून होते, ते धुऊन घड्या घालून ठेवले. घरून आपली इस्त्री आणली, एक मोठी बादली आणली, आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला दोरी बांधली.

आठवड्याभरात बारकीखेरीज दुसरी मुलगी आली, मग दोघं भाऊ आले, आणि चार महिन्यांत सोळा मुलं झाली. मावशींना कुणी काही सांगत नव्हतं. त्या सूचनांची वही घेऊन वर्गावर्गातून फिरायच्या, तेव्हा त्यांच्या नजरेत यायचं. कुठल्या मुलानं गुंडी नाही म्हणून छातीशी हात धरलाय, कोण एकटं बसलंय, कोणाची ओली चप्पल पायाला चावतेय. मग त्या शिक्षकांना म्हणायच्या, "याला जरा खडू आणायला पाठवा." मूल खडू आणायला जायचं आणि दहा मिनिटांनी हातात दोन खडू घेऊन, अंगात धुतलेला सदरा घालून परत यायचं. मळलेला सदरा मागे मावशींकडे राहायचा आणि संध्याकाळी घडी घालून मिळायचा.

बाकीच्या मुलांना एवढंच दिसत होतं की काही जणांना खडू आणायला पाठवतात. त्यांना त्याचा हेवा वाटायला लागला. "बाई, मी कधी जाणार?" म्हणून एका कंत्राटदाराच्या मुलानं रडून गोंधळ घातला. मावशींनी लगेच त्यालाही बोलावून घेतलं, त्याचा मुळातच स्वच्छ असलेला सदरा झटकून परत घातला आणि खडूचं अख्खं खोकं हातात दिलं. तेव्हापासून खातीपिती मुलंही अधूनमधून जायची. त्या वर्षी आमच्या शाळेत खडूला तोटा नव्हता.

बारकीची आई एकदा आली. मधल्या सुट्टीची वेळ होती. जिन्याखालच्या खोलीच्या दारातच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. हात पाण्यानं सोललेले, बोटांच्या पेरांना भेगा.

"माझी पोरगी आहे," ती म्हणाली. "मी बघीन तिचं. आम्ही कुणापुढे हात पसरलेला नाही."

"कुणी पसरलाय म्हटलं?" मावशी इस्त्री फिरवत होत्या. त्यांनी ती उभी केली. "शाळेचे कपडे शाळेत धुतले, त्यात काय झालं. शाळेचा फळा पण आम्हीच पुसतो."

आई बराच वेळ त्या घड्यांकडे बघत होती. मग आत आली, वरचा सदरा उचलला, कॉलर उलटी करून बघितली.

"कॉलरीला आधी साबण चोळून ठेवायचा," ती म्हणाली. "तसाच भिजवला तर काळपट राहतो." आणि कामावर उशीर होतो म्हणून निघून गेली. मावशी त्यानंतर कॉलरीला आधी साबण चोळायला लागल्या.

आईला रविवारी कॅन्टीनमध्ये दुप्पट काम असायचं, म्हणून बारकी रविवारी शाळेत यायला लागली. कुंड्यांना पाणी दोघी मिळून घालायच्या. मग स्टुलाशेजारी पायरीवर बसून ती अभ्यास करायची. एका रविवारी मी विसरलेली छत्री घ्यायला गेले, तर बारकी सूचनांची वही मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचत होती आणि मावशी कान देऊन ऐकत होत्या.

मला बघून मावशी ओशाळल्या. "इतकी वर्षं ही वही फिरवते," त्या म्हणाल्या. "आत काय लिहिलंय, मला काय ठाऊक. सही कुठे घ्यायची तेवढं कळतं. म्हटलं, ऐकून तरी बघावं."

"काही विशेष नसतं हो त्यात," मी म्हणाले.

"हो, आता कळलं. मला वाटायचं फार मोठं काही असेल."

बारकी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. त्या वर्षात तिनं मावशींना अक्षरं शिकवली. मावशी मोठ्या कष्टानं, ओठ हलवत, एकेक शब्द लावायच्या. कधी वर्गात यायच्या आणि फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवून निघून जायच्या. रविवार त्यांना जड जाईनासा झाला होता. शनिवारी घरी जाताना त्या मला न विचारता सांगायच्या, "उद्या बारकी यायचीय."

बारकी सहावीत गेली त्या वर्षी तपासणीला एक साहेब आले. वर्ग बघून झाल्यावर पाण्याची टाकी बघायची म्हणून गच्चीवर गेले. दोरीवर अकरा सदरे आणि सहा फ्रॉक वाळत होते.

"ही शाळा आहे की लॉन्ड्री?" त्यांनी विचारलं. हेडसर गप्प. आम्ही बरोबर होतो, आम्हीही तोंडाला कुलूप घातल्यासारखे गप्प. मावशी जिन्यात उभ्या होत्या. "शिपाई कशासाठी नेमलाय, पाणी कशासाठी मंजूर केलंय, काही हिशेब आहे का? उद्या काही भानगड झाली तर उत्तर कोण देणार?" असं म्हणून साहेब खाली उतरले. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. मावशींनीच तो वर्गावर्गातून फिरवला आणि आमच्या सह्या घेतल्या. आता त्यांना वाचता येत होतं.

दोरी निघाली. इस्त्री त्यांच्या खोलीवर परत गेली. मी हजेरीपटावर बारीक लक्ष ठेवायला लागले. पहिल्या आठवड्यात विशेष फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात सोळा मुलांपैकी सात जणांच्या नावापुढे गैरहजेरी लागायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात दोघांची नावं चिठ्ठीसाठी आली. बारकी मात्र येत होती, उन्हाळा होता म्हणून. ती एकटी बाकावर बसत होती, पहिल्यासारखी.

मी सगळ्या वर्गांचे हजेरीपट गोळा केले आणि हेडसरांच्या टेबलावर उघडून ठेवले. लाल खुणा केल्या होत्या. हेडसर पापभीरू माणूस, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली, जराही घाई न करता.

"हे तुम्ही कुठे दाखवणार आहात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच दाखवलंय, सर."

त्यांनी बेल दाबली. मावशी आल्या.

"माझे गुडघे दुखतात," हेडसर त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "यापुढे मला गच्चीवर चढायला जमणार नाही. तिकडे काय चाललंय हे मला दिसणार नाही. टाकीच्या आड दोरी बांधली की खालूनही दिसत नाही, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

"नाही दिसत," मावशी म्हणाल्या.

"बरं. या."

त्यांनी खात्याच्या वरच्या ऑफिसात हजेरीच्या आकड्यांसह मंजुरी मागणारं पत्रही पाठवलं, आणि मग दर महिन्याला एक स्मरणपत्र. त्याचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं.

तोवर बारकी गेली होती. सहावीची परीक्षा झाली आणि सुट्टी लागली. सुट्टीतल्या पहिल्या रविवारी मावशी शाळेत आल्या, बारकी आली नाही. दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्याला मावशी त्या शेडवरच्या खोलीवर गेल्या. दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. खाली काम करणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, आईला दुसऱ्या शहरात काम मिळालं, एका रात्रीत सामान बांधून गेल्या. पत्ता त्याला माहीत नव्हता.

जिन्याखालच्या खोलीत फळीवर बारकीचा गणवेश घडी घालून ठेवला होता. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी धुवायला घेतलेला. शाळा सुरू झाली तरी मावशींनी तो दुसऱ्या कुणाला दिला नाही. माझ्याकडे त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी एकदा म्हणाले, "निरोप द्यायला वेळ मिळाला नसेल." त्यावर त्या म्हणाल्या, "कामाचं असं असतं, निघावं लागतं," आणि बादली घेऊन गेल्या. पण त्या वर्षी रविवारी त्या शाळेत आल्या की स्टूल फाटकाच्या आत न ठेवता बाहेर रस्त्यावर ठेवायच्या.

दिवाळं निघालेल्या दुकानासारखा त्यांचा चेहरा झाला होता, असं चित्रकलेचे सर म्हणाले. मला ते आवडलं नाही, पण खोटं म्हणता येत नव्हतं.

चार महिन्यांनी टपालात एक छापील कागद आला. दूरच्या एका सरकारी शाळेनं बारकीचा शाळा सोडल्याचा दाखला मागवला होता. इयत्ता सातवी. मी तो कागद घेऊन धावत जिन्याखाली गेले.

मावशींनी तो हातात घेतला आणि स्वतः वाचला. वेळ लागला. बारकीच्या नावावर बोट ठेवून त्या थांबल्या.

"म्हणजे शाळेत जातेय," त्या म्हणाल्या.

"हो. सातवीत."

त्या खाली बाकावर बसल्या. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा पाच मिनिटं उशिरा झाली.

दाखला मीच लिहायला घेतला. वर्तणूक, प्रगती, शेरा अशा रकान्यांपाशी आले तेव्हा मावशी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"शेऱ्यात लिहा ना," त्या म्हणाल्या, "की घरी पाण्याची सोय नसते. वास आला तर तिला बोलू नका म्हणावं. तिकडच्यांना कळायला नको?"

मी पेन थांबवलं. "मावशी, हा कागद तिच्याबरोबर जन्मभर राहील. नोकरीला गेली तरी दाखवावा लागेल."

त्या विचारात पडल्या. "मग नको," त्या म्हणाल्या. "चांगली लिहा. नुसतं चांगली."

मी "चांगली" लिहिलं. दाखल्याबरोबर पाकिटात एक वेगळं पत्र घातलं, तिच्या नव्या वर्गशिक्षकांच्या नावे. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं "वर्गशिक्षक, सातवी" असं लिहिलं. त्यात मावशींनी सांगितलेलं सगळं होतं, आणि मी एक दिवस मान वर न करता जे बोलले होते तेही होतं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. मिळालं की नाही, हेही कधी समजलं नाही. दाखला मागवणारा तो कागद हीच बारकीची मला लागलेली शेवटची खबर.

पुढच्या वर्षी मंजुरी आली. जिन्याखालच्या खोलीला फरशी बसली, गरम पाण्याची सोय झाली, कपडे धुवायचं यंत्र आलं. मावशी पहिल्या दिवशी त्या यंत्रासमोर स्टूल ठेवून, काचेतून आत गोल फिरणारे सदरे बघत बसल्या होत्या. "माझ्यापेक्षा बरं धुतं," त्या म्हणाल्या. "कॉलर मात्र मीच चोळणार."

यंत्राबरोबर ऑफिसकडून एक पाटीही आली होती, पितळी अक्षरांची: "गरजू विद्यार्थी स्वच्छता कक्ष". कामगार ती दारावर ठोकून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर चार भोकं होती आणि पाटी नव्हती.

हेडसरांनी बेल दाबली. मीही तिथेच होते.

"पाटी कुठे आहे?"

"काढली," मावशी म्हणाल्या. "फळ्यांच्या मागे ठेवलीय."

"ती सरकारी पाटी आहे."

"सर, ती पाटी वाचून त्या दारातून आत कोण जाईल? मी गेले नसते." मग त्या म्हणाल्या, "खडूची खोली म्हणतात तिला सगळे. तेच राहू द्या."

पाटी फळ्यांच्या मागेच राहिली. मी ती शाळा सोडली तेव्हाही तिथेच होती.

आणखी सात वर्षं मावशींनी ती खोली चालवली. किती मुलं तिथून गेली याची त्यांनी नोंद ठेवली नाही, मीही ठेवली नाही. आठवीतून, दहावीतून मुलं बाहेर पडायची आणि रस्त्यात भेटली की मान खाली घालून पलीकडून निघून जायची. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. "असू दे," मावशी म्हणायच्या. "आपण दिसलो की त्यांना ते दिवस आठवतात. कशाला आठवावेत." पण एखादा मोठा झालेला मुलगा असा तोंड चुकवून गेला की त्या जरा वेळ तिथेच उभ्या राहायच्या, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायच्या आणि मग चालायला लागायच्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक शाल आणि एक घड्याळ मिळालं. भाषणं झाली. मावशींना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या, "मोटार सकाळी सहाला लावायची, सातला लावली तर टाकी भरत नाही," एवढं सांगून खाली बसल्या. सगळे हसले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, हे मला बरं वाटलं. नव्या बाई कामाला चांगल्या होत्या. मावशींची उणीव शाळेला भासली नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे ते.

पहिले काही दिवस त्या सकाळी फाटकापाशी येऊन उभ्या राहायच्या. मग नव्या हेडबाईंनी नियम केला की बाहेरच्या माणसानं वहीत नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायचं. मावशींनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी पेन धरून उभ्या राहिल्या. मागे पालकांची रांग होती. त्यांनी पेन ठेवलं आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मी अधूनमधून त्यांच्या खोलीवर जायचे. माझं लग्न झालं नव्हतं, आई गेली होती, आणि रविवार म्हणजे काय हे मला एव्हाना कळलं होतं. आम्ही दोघी खिडकीसमोर बसायचो. चहा व्हायचा. बोलायला फारसं काही नसायचं. एकदा मी धीर करून म्हणाले, "त्या पाचवीच्या वर्गात मी बारकीला बोलले होते, ते माझ्या मनातून जात नाही."

"तुम्ही बोललात म्हणून मी तिथे गेले," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी तरी कशाला जातेय." माझी समजूत घालायला म्हणाल्या, का त्यांना खरंच तसं वाटत होतं, कोण जाणे.

मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मी सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तासभर रांगेत थांबल्यावर खिडकीतल्या नर्सनं अर्ज भरायला घेतला.

"जवळचे नातेवाईक कोण?"

मावशींचा भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला होता. मी पुढे होऊन माझं नाव सांगितलं.

"नातं काय?"

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवला होता, बोटं म्हातारी झाली होती.

"आम्ही एका शाळेतल्या," मावशी म्हणाल्या.

"असं नातं नसतं, आजी. बहीण, भाची, सून, असं काही?"

"मग तुम्हीच बघा काय लिहायचं ते."

नर्सला घाई होती. तिनं "ओळखीच्या" असं लिहिलं आणि कागद आमच्याकडे सरकवला. मावशींनी तो डोळ्यांशी धरला, पण त्यांना अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि मीही वाचून दाखवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस मी खाटेशेजारच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे माणसांची रीघ लागलेली असायची, त्यांतली एक छोटी मुलगी आमच्याकडे येऊन मावशींच्या डोळ्यावरची पट्टी बघत उभी राहायची. मावशी तिच्याशी बोलल्या नाहीत, पण ती गेली की विचारायच्या, "गेली का?"

तिसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षातून घरी सोडलं. तीन मजले चढायला अर्धा तास लागला. मी कुलूप काढलं, पलंगावरची चादर बदलली, दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं, औषधाच्या बाटल्या फडताळात खालच्या फळीवर लावून ठेवल्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी उगाचच फडकं घेऊन टेबल पुसत राहिले.

"बाई, तुम्ही निघा आता," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला लांब जायचंय."

"मी थांबते थोडी."

"कशाला. मी पडून राहते."

मी दार ओढून घेतलं. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा वरून आतली कडी लागल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, आणि मग रस्त्यावर आले.